विहिरीचा एकर

आमच्या गावात स्त्री-पुरुष समता पांढऱ्या जीपमधून आली, आणि ड्रायव्हरला सावली हवी होती म्हणून आमच्या चिंचेखाली थांबली. गाव बारामती आणि इंदापूर यांच्या मध्ये, कालव्याच्या अशा टोकाला, की आवर्तन सुटल्याची बातमी पाण्याच्या आधी पोहोचे आणि पुष्कळदा बातमीच तेवढी पोहोचे. मी तेव्हा बारामतीच्या कॉलेजात नुकताच जाऊ लागलो होतो. एस.टी.च्या खिडकीला डोके टेकवून कायद्याची पुस्तके वाचायची, त्यातली कलमे पाठ करायची आणि घरी येऊन बैलांपुढे म्हणून दाखवायची, असा माझा क्रम होता. बैलांनी कधी हरकत घेतली नाही. पुढील आयुष्यात मला जे श्रोते लाभले, त्यांत इतके संयमी कोणी भेटले नाही.

घरात आम्ही चौघे : वडील, ज्यांना सारा गाव तात्या म्हणे, आई, मी, आणि तात्यांची थोरली बहीण कौसल्या, म्हणजे माझी आत्या. आत्याला इंदापूरकडे दिले होते. नवऱ्याने दुसरी बायको आणली आणि हिला एका पत्र्याच्या पेटीसह परत पाठवले. ही हकीकत मला कोणी सांगितली नाही, कारण आमच्या घरात ती घडलेलीच नव्हती. पाहुणे आले की आत्या मागच्या दाराने गोठ्यात जाई आणि ते उठेपर्यंत तेथेच राही. विचारलेच कोणी, तर तात्या म्हणत, "आक्का आलीया चार दिवस." ते चार दिवस माझ्या जन्माआधीपासून चालू होते.

आमच्या घराचे आवाज म्हणजे मुख्यतः आत्याचे आवाज. पहाटे चरवीत पडणारी दुधाची पहिली धार, ती प्रथम पत्र्यावर वाजावी तशी वाजे आणि चरवी भरत जाई तशी मऊ होत जाई. मग भाकरीवरची थाप. मग कडबा तोडण्याचा विळा. माणसांशी ती थोडे बोले, गुरांशी पुष्कळ. हुलग्याच्या शेंगोळ्या तिच्यासारख्या कोणी केल्या नाहीत. लसूण आणि मिरची पाट्यावर रगडली, की तो वास ओट्यावरून थेट रस्त्यापर्यंत जाई, आणि त्या दिवशी तात्यांकडे हटकून कोणीतरी काम काढून येई. दूध मात्र सगळे डेअरीला. उरलेसुरले तात्यांच्या आणि माझ्या चहात. जिने धार काढली ती आत्या आणि जिने वैरण घातली ती आई, दोघी कोरा चहा पीत, आणि आई म्हणे की दुधाने तिला पित्त होते. ग्रामीण स्त्रीच्या पोषणावर पुढे मी पुष्कळ पुस्तिका वाचल्या. गुळगुळीत कागदाच्या, रंगीत चित्रांच्या. पित्ताचा उल्लेख एकीतही आढळला नाही.

जीपमधून उतरले ते दोघे : पुण्याच्या एका संस्थेचे समन्वयक, खांद्याला झोळी आणि पायांत नव्या कोल्हापुरी वहाणा, आणि त्या संस्थेला पैसा पुरवणाऱ्या परदेशी संस्थेच्या एक बाई, उन्हाने लाल झालेल्या. शाळेच्या पटांगणात सभा भरली. सभा स्त्रियांची होती. म्हणून स्त्रिया मागे, डोक्यावर पदर घेऊन, आणि पुरुष पुढे. बाईंनी इंग्रजीत विचारले की येथल्या स्त्रियांना स्वतःसाठी काय हवे आहे. समन्वयकांनी ते मराठीत सांगितले. तात्या उठून म्हणाले, "बायकांस्नी काय पायजे ते आमाला इचारा की. त्यांस्नी कुठं कळतंय?" समन्वयकांनी याचे इंग्रजी भाषांतर असे केले, की या गावातील स्त्री आणि पुरुष यांच्यात परस्परविश्वासाचे नाते आहे. बाईंनी ते वहीत उतरवून घेतले. मला इंग्रजी कळत होते. त्या क्षणी माझ्या मनात जो संताप उत्पन्न झाला, तो आजतागायत पूर्ण शमलेला नाही. त्यावरच माझे तक्रारपत्रांचे आणि टपालखर्चाचे आयुष्य चालले आहे.

योजना अशी होती : निवडलेल्या स्त्रियांना दोन-दोन संकरित गाई आणि विजेचा पंप मिळणार. अट एवढीच, की त्या स्त्रीच्या स्वतःच्या नावावर जमीन असावी आणि त्या जमिनीत पाणी असावे. एकट्या स्त्रियांना, विशेषतः परित्यक्तांना, प्रथम पसंती. हा शब्द गावाला नवा होता. समन्वयकांनी अर्थ सांगितला. मग ज्या माणसाने आपली बहीण इतकी वर्षे गोठ्यात लपवली होती, तो माणूस, माझे जन्मदाते तीर्थरूप, हात वर करून म्हणाले, "आमच्यात हाय की एक. सोळा आणे टाकलेली." मागून कोणी म्हणाले की तात्या, तुमची आक्का तर चार दिवस आली होती ना. तात्यांनी उत्तर दिले, "मुक्काम वाढला." पुरुष हसले. आत्या मागच्या रांगेत बसली होती. तिने पदर थोडा पुढे ओढला, एवढेच मी पाहिले.

गावभर बायकांच्या नावाने जमिनी करण्याची लाट आली. आमच्यात पाणी असलेला तुकडा एकच, आजोबांनी खणलेल्या विहिरीचा एकर; कालवा चुकला की बाकीचा आमचा सगळा ऊस त्याच विहिरीवर उभा. आई म्हणाली की इहिरीचा तुकडा कशाला, दुसरं काही बघा. तात्या हसले. "अगं, कागदावर तर द्यायचाय. पाणी काय कागदातनं वाहून जातंय व्हय?" त्यांनी इंदापुरात जाऊन आत्याच्या नावे रीतसर नोंदणीकृत बक्षीसपत्र केले. एकर, त्यातली विहीर, मोटारीची खोली, जाण्यायेण्याच्या वाटेसह.

येथे वाचकाने थोडे थांबावे, कारण माझे वडील येथे थांबले नाहीत. बक्षीस म्हणजे स्वतःच्या मालकीची वस्तू स्वेच्छेने व मोबदल्याविना दुसऱ्यास देणे. आजोबा वारले तेव्हा त्यांच्या मिळकतीत आत्याचा कायदेशीर हिस्सा होता. तेराव्यानंतर तिला त्याच कचेरीत नेऊन तिच्याकडून हक्कसोडपत्र करून घेण्यात आले, आणि परतताना एक हिरवी साडी देण्यात आली. म्हणजे जे तिचे होते ते आधी सोडवून घेतले, आणि मग त्यातलाच तुकडा परदेशी गाईंच्या लोभाने तिला दान केला. दान करताना तात्यांच्या चेहऱ्यावर जी उदारता होती, ती मी पुढे फक्त मंत्र्यांच्या चेहऱ्यावर पाहिली. ही चाल काही आमच्याच घरची नव्हे. आमच्याकडे जी बहीण सही करते तिला माहेर असते, जी करत नाही तिला हिस्सा असतो, आणि दोन्ही असलेली बहीण मला सबंध तालुक्यात आढळलेली नाही. आजही भाऊबीज आटोपली की नोंदणी कचेरीच्या आवारात नव्या साड्यांच्या रांगा लागतात. गेल्या वर्षी याविषयी मी महसूल खात्याला सविस्तर पत्र लिहिले. उत्तर आले की आपले पत्र महिला व बालविकास विभागाकडे उचित कार्यवाहीस्तव पाठवले आहे. त्या विभागाने ते महसूल खात्याकडे पाठवले. माझे पत्र एखाद्या टाकलेल्या बाईसारखे दोन घरांमध्ये हिंडते आहे.

गाई आल्या. काळ्या-पांढऱ्या, थोराड, आमच्या गावठी गाईंच्या शेजारी साहेबांसारख्या उभ्या राहणाऱ्या. दूध घालण्याचे खाते आत्याच्या नावावर निघाले, आणि रोज सकाळी संकलन केंद्रावरचा कारकून तिचे संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासह, मोठ्याने पुकारू लागला. कित्येक वर्षे ती आक्का, आत्या किंवा नुसतीच 'अगं' होती. पहिल्या दिवशी तिने वळून मागे पाहिले, कोणाला हाक मारली म्हणून. पुढे मात्र ती नाव पुकारेपर्यंत किटली पुढे करीत नसे. विहिरीच्या एकरात तिने तात्यांना न विचारता गाईंसाठी घास पेरला. सायंकाळी ती बांधावर बसू लागली, आणि मी पाहिले की पाहुणे आले तरी ती आता गोठ्यात जात नाही.

परदेशी बाई पाहणीला आल्या तेव्हा दिवसभराचे दूध आटवून बासुंदी केली. आत्याने धार काढली, आत्याने ती आटवली, आत्याने वेलदोडे कुटले, आणि पंगतीत समन्वयक, सरपंच, तात्या आणि बाई बसले. त्यानंतर आत्याला गाईसह विहिरीच्या काठावर उभे करून छायाचित्र काढले. समन्वयक म्हणाले, "मावशी, जरा हसा." ती हसली नाही. गाय मात्र छान आली.

तीनेक वर्षांत प्रकल्प संपला. निरोपसमारंभात समन्वयक म्हणाले की आता हे काम लोकांनी आपले म्हणून पुढे न्यावे. लोकांनी तत्काळ नेले. बैठकीत ठरले, की बायकांकडून जमिनी एका दमात परत लिहून घ्यायच्या. बारामतीच्या बाजारपेठेतून एकाच छापाच्या साड्या घाऊक भावात आल्या, आणि एका सकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सगळ्या लाभार्थी स्त्रियांना घालून इंदापूरला नेले. मी नुकताच सज्ञान झालो होतो, म्हणून तात्यांनी मला ओळख पटवणारा साक्षीदार म्हणून बरोबर घेतले. वाटेत भेळ झाली. एका छापाच्या साड्यांत त्या बायका शाळेच्या सहलीसारख्या दिसत होत्या. आत्या तेवढी आपल्या जुन्याच लुगड्यात. नवी साडी घडी न मोडता मांडीवर. शेजारी शेवंता बसली होती, आमच्या वाडीची, तोंडाने फटकळ. ती म्हणाली, "जिमीन देताना साडी, घेताना बी साडी. मधल्या मधी जिमीन कुठं हुती गं? मला तर कुणी दावली बी न्हाय." सगळ्या हसल्या, ट्रॉलीच्या पुढच्या अंगाला बसलेले पुरुषही हसले. आत्या हसली नाही. तिला तिची जमीन माहीत होती.

दुय्यम निबंधक हे थकलेल्या चेहऱ्याचे, चष्मा कपाळावर ठेवणारे गृहस्थ होते. कायद्याप्रमाणे ते प्रत्येकीला विचारीत, की हा दस्त तुम्ही राजीखुशीने लिहून देता काय, कोणाचा दबाव नाही ना. विचारताना ते वर पाहत नसत. उत्तर बाईच्या मागे उभा असलेला पुरुष देई, "व्हय सायेब," आणि अंगठा किंवा सही होई. शेवंताचा अंगठा झाला. आत्याची पाळी आली.

"कौसल्याबाई, दस्त राजीखुशीने लिहून देता ना?"

"व्हय सायेब," तात्या म्हणाले.

"न्हाय," आत्या म्हणाली.

निबंधकांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. तात्या घाईने म्हणाले की तिला ऐकायला कमी येतं, वय झालं. "ऐकू येतंय मला," आत्या म्हणाली. "भावानं दिली ती त्यानं राजीखुशीनं दिली. मी न्हाय देत."

"मग बाई, इथवर आलात कशाला?"

"आणलं म्हणून आले. साळंत पोरं आणत्यात तशी."

मागे पुरुषांची कुजबुज सुरू झाली. तात्यांनी तिच्या दंडाला धरले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "आक्का, गावात तोंड दाखवायला जागा ठिव मला." निबंधक म्हणाले की हात सोडा, नाहीतर पोलिसांना बोलवावे लागेल, आणि माझ्याकडे वळून विचारले की साक्षीदार, या बाईंना तुम्ही ओळखता काय. मी म्हणालो की ओळखतो, या माझ्या आत्या आहेत आणि यांनी आत्ता दस्त नाकारला आहे. निबंधकांनी नोंदणी नाकारल्याचा शेरा मारला आणि पुढच्या बाईचे नाव पुकारले. पुढच्या बाईने राजीखुशीने अंगठा दिला. आत्याने साडीची घडी तात्यांच्या हातात ठेवली आणि ट्रॉलीत जाऊन बसली. शेवंताने सरकून तिला जागा करून दिली.

त्या दिवशीपासून तात्यांनी तिच्याशी बोलणे टाकले. भावकी आली, दूरचे मेहुणे आले, ज्यांनी तिला नांदवून घ्यावे म्हणून कधी पाऊल उचलले नव्हते ते सगळे तिला माहेर म्हणजे काय हे समजावण्यास आले. मग तिची चूल वेगळी करण्यात आली. तिने पत्र्याची पेटी उचलली आणि विहिरीजवळच्या मोटारीच्या खोलीत बिऱ्हाड केले. आमच्या घरात शेंगोळ्या व्हायच्या थांबल्या. आई करी, पण तात्या ताट सरकवीत. बारामतीच्या वकिलाकडे ते तीन-चारदा गेले. वकील म्हणाला, "दान दिलं, तिनं घेतलं, कबजा बी दिला. तात्या, आता रामराम घाला." मग त्यांनी मला विचारले, की तुझ्या पुस्तकात काही आहे काय. मी कलम वाचून दाखवले. बैलांनी ते अधिक शांतपणे ऐकले असते.

मी परदेशी संस्थेला पत्र लिहिले. माझ्या आयुष्यातले ते पहिले तक्रारपत्र. त्यात मी लिहिले, की आपल्या प्रकल्पाने दिलेल्या जमिनी सर्व स्त्रियांकडून काढून घेण्यात आल्या आहेत, एक अपवाद वगळून. आणि त्या एकीला सध्या घराबाहेर काढलेले आहे, तरी आपण काय करू इच्छिता. कित्येक महिन्यांनी जाड पाकीट आले. आत आभाराच्या चार ओळी आणि प्रकल्पाचा समारोप अहवाल. अहवालात लिहिले होते की सर्व लाभार्थी स्त्रियांच्या नावे जमीन झाली. उद्दिष्ट पूर्ण झाले. मुखपृष्ठावर आत्या होती, गाईसह. मी ते तिला दाखवले. तिने बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "गाय वाळली हुती त्या टायमाला."

मला आता सभांची निमंत्रणे येतात. महिला दिनाला, एखाद्या वातानुकूलित सभागृहात, सक्षमीकरण, सहभाग, लिंगभावसमता. मंचावर सरपंच बाई आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीत त्यांचे यजमान, ज्यांना लोक सरपंच म्हणतात. मी मागच्या रांगेत बसतो आणि शेवटी उठून विचारतो, की येथे उपस्थित गृहस्थांपैकी किती जणांच्या बहिणींनी सही केलेली आहे. मग चहा जाहीर होतो. मला अलीकडे निमंत्रणे कमी येऊ लागली आहेत, ही एकमेव प्रगती मी प्रांजळपणे नोंदवतो.

आत्या वेगळी राहू लागली त्यानंतरच्या उन्हाळ्यात आवर्तन आमच्यापर्यंत पोहोचलेच नाही. ऊस गुडघ्याएवढा होता आणि पाने दुपारी वळून सुतळीसारखी होत. गावातल्या इतर विहिरी खडखडीत. आजोबांच्या विहिरीला पाणी होते, आणि स्टार्टरच्या पेटीची किल्ली आत्याच्या कमरेला. आई म्हणाली की उसाला पाणी न मिळालं तर वर्ष गेलं. तात्यांनी मला पाठवले. आत्या घासाला पाणी देत होती. मी निरोप सांगितला. ती फावड्याने पाटाचे बारे मोडीत म्हणाली, "तुझा ऊस हाय का? ज्याचा ऊस त्याला धाड."

मी तो निरोप जसाच्या तसा सांगितला. तात्या दोन दिवस ओट्यावर बसून होते. तिसऱ्या दिवशी दुपारी लाईट आली, तेव्हा ते उठले, टोपी घातली, आणि भर उन्हात विहिरीकडे निघाले. मी मागून गेलो. बांधाशी पोहोचल्यावर ते थांबले. तो बांध त्यांनी जन्मभर न थांबता ओलांडला होता. आत्या पाटाच्या तोंडाशी उभी होती. तिने त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी घसा साफ केला, टोपी काढली, पुन्हा घातली. आमच्या घरातल्या पुरुषाने घरातल्या बाईला परवानगी विचारलेली मी त्यापूर्वी ऐकली नव्हती, आणि तात्यांनाही ती कशी विचारायची याची सवय नव्हती.

"आक्का," ते म्हणाले, "मोटारीचं पाणी माज्याकडं वळवू का?"

आत्याने पाटाकडे पाहिले, मग घासाच्या राहिलेल्या वाफ्यांकडे.

"घास भिजू दे," ती म्हणाली. "मग वळीव."

तात्या बांधावर, त्यांच्या बाजूला, बसून राहिले.